उष्टी लक्ष्मी

“जीभ दाखव.”

मी जीभ बाहेर काढली. माईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, मला खिडकीशी उभं केलं आणि उजेडात माझी जीभ नीट पाहिली.

“अजून गुलाबी दिसतेय. आणखी दोन चुळा भरून ये आणि मग नैवेद्याचं पान वाढ.”

लग्नात माझं कालिंदीचं मृदुला केलं, तेव्हा ह्या घरातल्या कुणी माझी जीभ तपासायची तसदी घेतली नव्हती. घेतली असती तर नाव दुसरं ठेवलं असतं. पण त्या वर्षी मात्र ती रोज तपासली जात होती, कारण घरातली सगळी तिकिटं मी चाटत होते.

ही गोष्ट एक्याऐंशी सालची, साताऱ्यातली. फडतरे शेठनी आपल्या किराणा दुकानाला काचेची दारं लावून त्याचं ‘लक्ष्मीविलास सुपर बझार’ केलं होतं. आतला माल गिऱ्हाइकानं स्वतः उचलायचा आणि स्वतः वाहून गल्ल्याशी आणायचा. ह्या हमालीला सुधारणा म्हणत. बदल्यात दर रुपयाच्या खरेदीला एक रंग सुटणारं गुलाबी तिकीट मिळे. त्यावर कमळातली लक्ष्मी छापलेली असे. तिच्या हातातून नाणी पडत, पण चित्र इतकं बारीक होतं की देवी हातावरचा भुसा झटकतेय असं वाटे. ही तिकिटं वहीत चिकटवायची, वह्या भरल्या की दुकानात द्यायच्या आणि मांडणीवरची वस्तू फुकट न्यायची.

“लंडनात असंच असतंय सर,” फडतरे माझ्या सासऱ्यांना म्हणाले होते. “माझा मेव्हणा बोटीवर असतोय, त्यानं सोता बघितलंय.”

सासरे, म्हणजे अप्पा, निवृत्त हेडमास्तर. फडतऱ्यांना त्यांनी सातवीत वर्षभर बाकावर उभं केलं होतं. “ही निव्वळ लोकांची फसवणूक आहे,” असं त्यांनी त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं. “गिऱ्हाइकाच्या लोभावर चालणारा धंदा! आपल्या घरात असलं तिकीट येता कामा नये.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मांडणीवरचं भिंतीला लावायचं घड्याळ पाहिलं. लंबकाचं, शिसवी रंगाचं, टोले देणारं. अप्पांच्या आधीच्या हेडमास्तरांना निरोपसमारंभात अगदी असंच घड्याळ मिळालं होतं. अप्पांना शाल, श्रीफळ आणि स्टीलचा तांब्या मिळाला होता. तो तांब्या त्यांनी कधी पाण्यालाही घेतला नाही. तिसऱ्या दिवसापासून आम्ही लक्ष्मीविलासचे गिऱ्हाईक झालो.

मग काय विचारता! ज्या माणसानं चाळीस वर्षं शाळेत काटकसरीवर भाषणं दिली, तो दर मंगळवारी बुटाचं पॉलिश घेऊन येऊ लागला, कारण मंगळवारी पॉलिशवर दुप्पट तिकिटं होती. आमच्या घरात सगळे चपला घालत. काड्यापेट्या इतक्या साठल्या की माई म्हणाल्या, “आता एक लंका तेवढी बघा पेटवायला.” जुने विद्यार्थी भेटायला आले की अप्पा त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करत आणि हळूच विचारत, “किराणा कुठून भरता?” ह्या माणसानं जन्मात शिकवणीचा पैसा घेतला नाही, असा गावात लौकिक होता. आता विद्यार्थी पाया पडून तिकिटांची पुडी ठेवत आणि अप्पा आशीर्वाद देत.

प्रश्न आला चिकटवण्याचा. आधी आम्ही पाण्याचं बोट लावून पाहिलं. तिकिटावरचा डिंक असा काही पातळ होता की तो पाण्याबरोबर वाहून जाई आणि लक्ष्मी घरंगळत वहीच्या खाली येई. मग अप्पांनी कणकेची खळ शिजवायला लावली. तिकिटं झकास चिकटली. रात्रीतून झुरळांनी दोन पानं फस्त केली. तेव्हा जिभेला पर्याय उरला नाही.

“मला कवळी आहे,” अप्पा म्हणाले.

“मला उपास असतात,” माई म्हणाल्या. “डिंकात काय घालतात देव जाणे. शिवाय लक्ष्मीच्या पाठीला जीभ लावायची म्हणजे…”

“ती दुकानाची लक्ष्मी आहे, आपली नव्हे,” अप्पांनी निवाडा दिला आणि दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

आमचे हे पाटबंधारे खात्यात, कोयनेला. शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसनं जायचे. त्यामुळे घरातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं मत ‘आई म्हणेल तसं’ एवढंच असे. म्हणजे जीभ माझीच होती.

मी किती लक्ष्म्या चाटल्या, सांगून खरं वाटायचं नाही. समोरच्या आळीतले देवधर वारले तेव्हा त्यांच्या तेराव्याचा किराणा आणायला अप्पा आपणहून धावले. गल्ली गहिवरली. “सरांसारखा शेजारी मिळायला पुण्य लागतं,” असं देवधरांच्या मुली रडत म्हणाल्या. त्या किराण्याची तिकिटं मी संध्याकाळी चाटली.

“अप्पा, सुतकातली आहेत ना ही?” मी विचारलं.

“सुतक माणसाला असतं, तिकिटाला नसतं,” अप्पा म्हणाले. “ह्या खुळचट कल्पना आता टाकून द्यायला हव्यात.”

खुळचट कल्पनांवर अप्पांचं एक भाषणच होतं. सोवळंओवळं, विटाळ, बायकांना चार दिवस बाहेर बसवणं, हे सगळं कृष्णेत बुडवा, असं ते गणेशोत्सवात टाळ्या घेत सांगत. भाषण संपवून घरी आले की माई त्यांना विचारत, “बुडवलं का?” आणि ते मुकाट्यानं सोवळं नेसून जेवायला बसत.

आता माझं काय अडलं होतं ते सांगते. मला घड्याळ नको होतं. मला मांडणीवरचा मिक्सर हवा होता. घड्याळाला पाच वह्या लागत आणि मिक्सरलाही पाचच. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष लग्नामुळे राहिलं होतं. ‘मुलीला शिकू देऊ,’ असं माझ्या वडिलांना बैठकीत सांगितलं गेलं होतं आणि तो शब्द कुणी मोडलाही नव्हता. सगळे म्हणत, “घरचं आटपून कर की. कोण नको म्हणतंय?” घरचं म्हणजे पाटा-वरवंटा. रोजच्या चटण्या, वाटणं, सणावाराचं पुरण, डाळी. दुपार अशी मला नव्हतीच. आदल्या वर्षी मी फॉर्म भरला आणि परीक्षेच्या दिवसांत कुरडयांसाठी गहू वाटत बसले. ह्या वर्षी पुन्हा भरला होता. बाहेरून बसणाऱ्यांसाठीचा जुना अभ्यासक्रम ह्या वर्षी संपणार होता. ही परीक्षा चुकली की पुन्हा पहिल्यापासून.

पाचवी वही भरत आली तेव्हा मी धीर करून अप्पांना म्हणाले, “मिक्सर घेतला तर मला अभ्यासाला दुपारचा वेळ मिळेल.”

“सूनबाई,” अप्पा मायेनं म्हणाले, “वेळ नसतो तो नियोजन नसल्यामुळे. घड्याळ समोर असलं की नियोजन आपोआप होतं.”

मी माईंकडे पाहिलं. त्या तांदूळ निवडत होत्या. “मला कशाला विचारतेस?” त्या म्हणाल्या. “मी पस्तीस वर्षं वाटतेय त्या पाट्यावर. काही झालं नाही मला.”

असा संताप आला! त्या संध्याकाळी शेवटची तिकिटं मी इतक्या जोरात चाटली की एकदोन लक्ष्म्यांचे कोपरे फाटले.

वह्या द्यायला आम्ही तिघं गेलो. पाच वह्या भरणारं पहिलं कुटुंब म्हणून फडतऱ्यांनी दाराला झेंडूचं तोरण लावलं होतं.

“या सर, या. माई, तुमी बी या. आज पयला मान तुमचा. बोला, काय काढू?”

“घड्याळ,” अप्पा म्हणाले. हा एक शब्द उच्चारताना ते पुन्हा हेडमास्तर झाले होते.

पोऱ्या शिडीवर चढला. मी खाली बघत उभी होते. डोळ्यांत पाणी येईल म्हणून तुरीच्या डाळीच्या पोत्याकडे बघत होते.

“थांबा,” माई म्हणाल्या. “टोले देतं ना ते?”

“अवो माई, म्हंजे काय!” फडतरे खुलले. “देवळातल्या घंटेगत देतंय. चार घरं पल्याड ऐकू जातंय.”

“मग नाही चालायचं.”

“का?” अप्पा म्हणाले.

“उष्टं आहे.”

दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली. फडतऱ्यांनी घाईनं सांगितलं, “न्हाई हो माई! पॅक माल हाय. कुनी हातबी लावल्याला न्हाई.”

“घड्याळ नव्हे. ज्यावर घेतोय ती तिकिटं उष्टी आहेत. झाडून सगळी हिनं जिभेनं लावलीत. मग त्यावर आलेली वस्तू उष्टी नाही का? माझी आरती चाललेली असणार आणि हे देवघरावर उष्टे टोले टाकणार. ते मला चालायचं नाही.”

“उष्टे टोले?” अप्पांचा आवाज चिरकला. “अगं, आवाजाला उष्टं कसं लागेल?”

“तेराव्याच्या किराण्याची तिकिटं आहेत त्यांत. ते तरी सांगू का इथं सगळ्यांसमोर?”

म्हणजे त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलंच होतं. देवधरांची धाकटी मुलगी साबणाच्या फळीशी उभी होती. अप्पांनी रुमाल काढून चष्मा पुसायला घेतला.

“मग काय द्यू?” फडतऱ्यांनी विचारलं.

“तो मिक्सर द्या,” माई म्हणाल्या.

“तो नाही का उष्टा?” अप्पा म्हणाले. अजून त्यांना आशा होती.

“आहे ना. पण तो ओवळ्यात ठेवता येतो, ओट्याच्या त्या टोकाला. घड्याळाचा आवाज कुठल्या टोकाला ठेवू?”

मिक्सर आमच्या घरी आला. माईंनी मला वाचवलं असं मला वाटलं, असं तुम्ही म्हणाल, तर मुळीच नाही. मला वाटलं, ही बाई आपल्या सोवळ्यासाठी नवऱ्यालाही चारचौघांत उघडं पाडते. घरी आल्यावर त्यांनी वर मला ऐकवलं, “रोजचं त्यात कर. सोवळ्यातलं वाटण मात्र ह्यापुढे मीच करीन. त्या यंत्राला हात लावलेली तू माझ्या पाट्याला शिवायचं नाहीस.”

म्हणजे माझी जीभ उष्टी ती उष्टी, आता माझे हातही गेले. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते छापण्याजोगं नाही. पण दुपार मात्र मोकळी झाली. मिक्सर गुरगुरला की पाच मिनिटांत चटणी, आणि मग मी, इतिहासाची पुस्तकं आणि माडीवरचा पंखा. महिनाभर मी इतकं वाचलं की स्वप्नातही मला तह आणि लढाया दिसू लागल्या.

परीक्षा एप्रिलात होती. पेपर लागोपाठ चार दिवस. आणि त्याच्या आदल्या दिवशी पुण्याहून आत्याबाई उतरल्या.

आत्याबाई म्हणजे अप्पांची थोरली बहीण. माईंच्या नणंद. माई साऱ्या घरावर वचक ठेवत आणि आत्याबाई माईंवर. बैलगाडीतून उतरावं तशा त्या रिक्षातून उतरल्या आणि चहा संपायच्या आत जाहीर करून मोकळ्या झाल्या, “उद्या मंगळवार. चैत्रगौरीचं हळदीकुंकू उद्याच करून टाकू. सगळ्या पेठेला बोलवा. वाटली डाळ, पन्हं, सगळं रीतसर. डाळ नव्या सुनेनं वाटायची.”

“वन्सं, उद्या हिची परीक्षा आहे,” माई म्हणाल्या.

“कसली?”

“बी.ए.ची.”

आत्याबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काही त्वचारोग झाला होता. “गौर झोपाळ्यात बसलेली आणि घरची सून पेपर लिहीत बसणार? पाहुण्या विचारतील, सून कुठाय, तर काय सांगायचं? ते काही नाही.”

मी अप्पांकडे वळले. जन्मभर शिक्षणाचा प्रसार केलेला माणूस शेवटी काहीतरी बोलेल, अशी आशा होती. अप्पा म्हणाले, “ताईचा शब्द आजवर कुणी मोडला नाही, सूनबाई. आणि पदवी काय, मनुष्याच्या अंगी असावी लागते.”

माईंनी हरभऱ्याची डाळ भिजत घातली. मी माडीवर जाऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि मिक्सरवर, लक्ष्मीवर, चाटलेल्या प्रत्येक तिकिटावर थुंकले. थुंकी तेवढी माझ्याकडे भरपूर होती.

सकाळी उजाडता मी आंघोळ करून खाली आले. माई सोवळं नेसून चुलीपाशी होत्या. आत्याबाई देवघरात झोपाळ्याला फुलं लावत होत्या. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला आणि माई एकदम ओरडल्या, “अगं, लांब हो! शिवशील मला!”

मी दचकून मागे सरले. “काय झालं?”

“मलाच विचारतेस? आजच्या दिवशीच नेमका कावळा शिवायचा होता तुला! आता कसलं वाटतेस डाळ नि काय!”

माझे दिवस बारा-पंधरा दिवसांपूर्वीच होऊन गेले होते आणि हे माईंइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं. त्यांनी डोळे वटारले. मी तोंड मिटलं.

देवघरातून आवाज आला, “काय गं, काय झालं?”

“काय व्हायचंय वन्सं! ही बाहेर बसलीय,” माई म्हणाल्या. “चार दिवस आता परसातल्या खोलीत. कुणी तिकडं फिरकू नका, घरात गौर आहे.”

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. अप्पा वर्तमानपत्र घेऊन ओसरीवर बसले होते. ते म्हणाले, “ह्या असल्या जुनाट प्रथा खरं म्हणजे आता—”

“बरं मग,” माई म्हणाल्या, “घेऊ का हिला देवघरात? तुम्ही म्हणत असाल तर घेते. वन्सं, हे म्हणतायत की—”

अप्पांनी वर्तमानपत्र वर केलं आणि त्यामागे नाहीसे झाले.

परसातल्या खोलीत माझी पिशवी आधीच येऊन पडली होती. आत पुस्तकं, दोन पेनं, परीक्षेचं प्रवेशपत्र आणि केळीच्या पानात गुंडाळलेली गूळपोळी. परसाचं दार मागच्या बोळात उघडत होतं. मी बाहेर पडले तेव्हा स्वयंपाकघरातून पाट्यावर वरवंटा फिरल्याचा घरघर आवाज येत होता. साऱ्या पेठेची डाळ होती ती.

संध्याकाळी मी बोळानंच परत आले आणि खोलीत गप्प बसून राहिले. माजघरात बायकांची गर्दी होती. कुणीतरी विचारलंच, “सूनबाई दिसत नाहीत?” माईंचा आवाज आला, “ती बाहेर बसलीय हो.” त्यावर कुणी एक शब्द विचारला नाही, कुणी दार ढकलून पाहिलं नाही. त्या घरात बाईला निवांत मिळायची तेवढी एकच सोय होती आणि तिला सगळे विटाळ म्हणत. मी कंदिलाशिवाय, चक्क विजेच्या दिव्याखाली, रात्रीपर्यंत पुढचा पेपर वाचला. चारही दिवस ताट दारात सरकवून ठेवलेलं असायचं. त्या ताटात लोणच्यापासून तुपापर्यंत सगळं असे, बोलणं तेवढं नसे.

पाचव्या दिवशी मी न्हाऊन घरात आले. आत्याबाई पहाटेच पुण्याला गेल्या होत्या. माई पोळ्या लाटत होत्या, पण लाटणं त्यांच्या हातात नीट बसत नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं तर दोन्ही तळव्यांना फोड येऊन फुटले होते. मला त्यांचे पाय धरावेसे वाटत होते, पण तोंडाची सवय वाईट.

“माई, तुम्ही खोटं बोललात,” मी म्हणाले. “तेही घरात गौर बसलेली असताना.”

“खोटं काय? बसली नव्हतीस बाहेर? चार दिवस बाकावर कोण बसलं होतं मग?”

मी त्यांच्या हातातलं लाटणं घ्यायला गेले. त्यांनी ते सोडलं नाही. तव्याकडे बघतच म्हणाल्या, “सातवीच्या फायनलला मलाही असंच बाहेर बसवलं होतं. वर्गात पहिली होते मी. पण ते खरंखुरं होतं.”

मी लाटण्यावरचा हात काढून घेतला.

“पोळी जळतेय,” माई म्हणाल्या. “उलट ती.”